पेरावं का नाही, तेवढं सांगा

"डॉक्टर, पंपिंग किती?" इकोचा कागद पुरता उलगडायच्या आत हा प्रश्न येतो. आपण 'पस्तीस' म्हणतो आणि समोरचा चेहरा गणितात नापास झालेल्या पोरासारखा पडतो. निरोगी हृदयही दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ७० टक्के म्हणजे पैकीच्या पैकी, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मी कित्येक वर्षं ते अर्धं मिनिट दिलं नव्हतं. त्यात हा आकडाही तसा कच्चाच. एकच हृदय दोघांनी पाहिलं तर पाच-सात टक्क्यांची तफावत सहज पडते. आपल्याला हे ठाऊक असतं, रुग्णाला नसतं. तो ३५ चे ३२ झाले म्हणून महिनाभर रात्री कूस बदलत राहतो.

या अंकात कार्डिओमायोपॅथीच्या औषधांवर, त्यांच्या मात्रा कशा वाढवत न्याव्यात यावर सविस्तर लेख आहेत. मला बोलायचं आहे ते औषधं लिहून झाल्यावर, दारापर्यंत जाऊन परत फिरलेल्या नातेवाईकाच्या प्रश्नाबद्दल. तो आवाज खाली करून विचारतो, "किती दिवस?"

याची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. 'काही होत नाही, गोळ्या चुकवू नका' हे एक आणि 'सहा महिने धरून चाला' हे दुसरं. पहिलं देणारा डॉक्टर प्रेमळ ठरतो, दुसरं देणारा हुशार. दोघंही अंदाजपंचे बोलत असतात.

अंदाज चुकण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९५८ साली लंडनमध्ये डोनाल्ड टीअर या पॅथॉलॉजिस्टनी आठ तरुणांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हृदयाची भिंत एकीकडे भलतीच जाड झालेली, आणि बहुतेक जण अचानक गेलेले. टीअर शवविच्छेदन करणारे. त्यांच्या टेबलावर जगलेली माणसं यायचा प्रश्नच नव्हता. पुढे कित्येक वर्षं हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणजे अकाली मरण हेच समीकरण टिकलं, कारण मोठ्या इस्पितळांत पोचायचे तेही गंभीर रुग्णच. मग इको आला. १९९५ मध्ये अमेरिकेत सर्वसाधारण तरुणांच्या पाहणीत हा आजार सुमारे पाचशेत एकाला निघाला, आणि ज्यांच्यात निघाला त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. आजार तोच होता, आपण बघायला उभे होतो ती जागा तेवढी बदलली.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत, २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के वर्षभरात दगावले. आकडा खरा आहे आणि झोप उडवणारा आहे. पण तो हार्ट फेल्युअरच्या सगळ्या कारणांचा आहे, इस्पितळात दाखल करण्याइतक्या आजारी माणसांचा आहे, आणि त्यांतले पुष्कळ जण पूर्ण औषधांवर नव्हते. त्यानंतर डॅपाग्लिफ्लोझिन २०२० पासून आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन २०२३ पासून जेनेरिक मिळू लागलं. तेव्हाचा आकडा आज बाह्यरुग्ण विभागात चालत आलेल्या चाळिशीच्या बाईला लावणं म्हणजे शेजारच्या गावाचा पर्जन्यमापक बघून आपल्या शिवारात किती पडला ते सांगणं.

चूक उलट्या दिशेनेही होते. पंपिंग ५५ वर आलं की रुग्ण पेढे आणतो आणि गोळ्या बंद करतो. कधी आपणच बंद करतो. लंडनमधल्या ट्रेड-एचएफ चाचणीत अशाच सुधारलेल्या, कसलाही त्रास नसलेल्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांची औषधं हळूहळू थांबवली, तेव्हा सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत तसा एकही नाही. तेव्हा पेढा जरूर खावा, पण 'बरे झालात' म्हणू नये. 'आटोक्यात आहे' म्हणावं.

मला या बाबतीत शहाणं केलं ते बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्यानं. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, पंपिंग २५. मी त्यांना शक्यता, टक्केवारी असं काहीबाही समजावत होतो. त्यांनी मध्येच हात वर केला. "पाऊस किती पडंल हे तुमाला ठाव नाय अन् मलाबी नाय. पेरावं का नाय, तेवढं सांगा." खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुलीचं लग्न यंदा मे महिन्यात उरकावं की विहिरीचं कर्ज फिटेपर्यंत थांबावं, हे त्यांना ठरवायचं होतं. याचं उत्तर माझ्याकडे होतं. म्हटलं, यंदा करा.

तेव्हापासून 'किती दिवस' ऐकलं की मी उलट विचारतो, काय ठरवायचं आहे? दर वेळी काहीतरी निघतंच. एसटीच्या ड्रायव्हरला हलक्या कामाचा अर्ज आत्ता द्यावा का, हे हवं असतं. कुणाला फ्लॅटचं कर्ज. कुणाला आषाढीला आळंदीपासून चालू की वाखरीपासून, एवढंच. आयुष्याची लांबी आपल्याला सांगता येत नाही, पण यांतल्या बहुतेक प्रश्नांवर मत देता येतं. ते वहीत तारखेसह लिहून ठेवावं आणि चार-सहा महिन्यांनी बदलायची तयारी ठेवावी.

अनिश्चिततेच्या आड लपूही नये. बाळंतपणाच्या सुमारास हृदय कमकुवत झालेल्या मुलीला सासूबाई दुसऱ्या बाळाचं विचारतात, तेव्हा हृदय पूर्ववत झालेलं नसेल तर उत्तर 'बघू' नाही, 'नको' आहे. ते आपण नवऱ्यासमोर, सासूसमोर म्हणायचं, आणि त्याच भेटीत गर्भनिरोधनाची सोय करून द्यायची. तिच्या एकटीवर ते सोडणं हा भ्याडपणा आहे.

घरच्यांच्या तपासणीचं दुखणं वेगळं. आईवडील, भावंडं, मुलं यांचा इको करा म्हटलं की मान हलते, पण कुणी येत नाही. एका बापाने स्पष्टच सांगितलं, पोरीचं जमेपर्यंत इको नको. स्थळ मोडेल ही भीती खोटी नाही. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की एमवायबीपीसी३ जनुकातला एक बिघाड आपल्या उपखंडात जवळजवळ चार टक्के लोकांत आहे, आणि त्याने हृदय निकामी होण्याची जोखीम वाढते. तरी तो घेऊन कित्येक जण दशकानुदशकं ठणठणीत राहतात. जनुकाच्या अहवालावरही तारीख छापलेली नसते, हे आधी त्या बापाला पटवायला हवं. मी अजून पटवू शकलेलो नाही.

बीडचे ते शेतकरी मागच्या महिन्यात आले होते. लग्न होऊन चार वर्षं झाली, पंपिंग ३८. आता त्यांना दोन एकर मोसंबी लावायची आहे. धड फळ हाती यायला पाच वर्षं तरी जातात, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. बराच वेळ कागद चाळून मी म्हटलं, एक एकर लावा, आणि ठिबकचं सगळं पोराला शिकवून ठेवा.