आधी वनस्पती, मग मासे

मासे पाळणाऱ्या बहुतेक घरांत काचेच्या पेटीतले झाड प्लास्टिकचे असते. तळाशी निळे-पांढरे खडे, बुडबुड्यांसरशी उघडमीट करणारा शिंपला आणि कोपऱ्यात वर्षानुवर्षे तेवढाच हिरवा राहिलेला एक झुबका. आमच्याही घरी हेच होते. पुढे मासे संपले आणि पेटी गॅलरीत कोरडी पडून राहिली. ती पुन्हा भरायची तर या वेळी झुबक्याच्या जागी जिवंत पाणवनस्पती लावाव्यात, असे आम्ही ठरवले. तेव्हा आमच्या मनात शोभेखेरीज दुसरा विचार नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण पुढे जे म्हणायचे आहे ते या शोभेच्याच विरुद्ध आहे.

आमची पेटी दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५५ लिटर पाण्याची. एका रविवारी आम्ही दुकानातून पाच जातींच्या वनस्पती आणल्या, त्यांच्याबरोबरच सहा निऑन टेट्रा आणले, आणि संध्याकाळपर्यंत सगळे एकाच पाण्यात सोडून, दिवा लावून, समोर खुर्च्या टाकून बसलो. दृश्य खरोखर देखणे होते. आठवड्याभरात पाने पारदर्शक होऊ लागली, मग तपकिरी झाली, मग त्यांचा अक्षरशः लगदा झाला. पाणी गढुळले. सहापैकी चार मासे गेले. दुकानदाराने सहानुभूतीने सांगितले की घरच्या पेटीत जिवंत झाडे टिकत नाहीत, ती पाणी नासवतात. धुऊन परत लावता येणारे प्लास्टिकच बरे. आम्हांला ते लगेच पटले. त्यात आमचा दोष कुठेच नव्हता ना!

दोष आमचाच होता. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि त्यांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. मुरलेल्या पेटीत वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती केलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. नव्याने भरलेल्या पेटीत हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. पुरेसे वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे सहज लागतात. वनस्पती तोच अमोनिया अन्न म्हणून थेट उचलते, तेव्हा वाढीला लागलेले झाड अशा पेटीत माशांची मोठीच राखण करते. पण आमची झाडे वाढीला लागलेली नव्हती. उलट त्यांची सडणारी पाने त्याच अमोनियात भर घालत होती.

ती का सडत होती, हे समजल्यावर आम्ही जरा वरमलो. दुकानात येणाऱ्या कित्येक पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याखाली वाढवलेल्याच नसतात. मुळे ओलीत आणि पाने दमट हवेत, अशा त्या वाढवतात. तशा त्या लवकर वाढतात आणि त्यांवर शेवाळही धरत नाही. हवेत वाढलेले पान पाण्याखाली गेले की त्याचे काम संपते. वनस्पती ते टाकून देते आणि बुंध्यापाशी नवे, पातळ, कधीकधी वेगळ्याच आकाराचे पान काढते. क्रिप्टोकोरीन नावाच्या झाडांची तर नुसती जागा बदलली तरी सगळी पाने विरघळतात आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा फुटतात. आम्ही दहाव्या दिवशी ती मेली असे समजून मुळांसकट उपटून फेकली होती. त्या मुळांत तेव्हा काय चालले होते, हे आता कळायला मार्ग नाही.

आमचा आक्षेप आहे तो इथे. प्लास्टिकच्या झुबक्याने डोळ्यांना अशी सवय लावून ठेवली आहे की पिवळे पडलेले पान हा आपल्याला अपराध वाटतो. पेटी पहिल्या दिवशीच पुरी झालेली हवी असते. या घाईची किंमत मासा देतो, आणि मासा ओरडत नाही.

या संदर्भात रॉबर्ट वॉरिंग्टन यांची आठवण येते. ते लंडनच्या ॲपॉथिकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी बारा गॅलनांचे, म्हणजे जवळपास आमच्या पेटीएवढेच, एक काचपात्र घेतले, ते अर्धे पाण्याने भरले, तळाशी वाळू आणि दगड घातले, लंडनची काजळी पडू नये म्हणून तोंडावर मलमल ताणली, आणि आत दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे एक रोप सोडले. या प्रयोगाची हकिकत १८५० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आम्हांला सर्वांत लोभस वाटते ती अडचणीची गोष्ट. त्यांच्याही पेटीत जुनी पाने कुजली, पाणी गढुळले, हिरवा चिकटा धरला. त्यांनी झाड उपटले नाही. त्यांनी पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि चिकटा फस्त केला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळले. आज झाडाबरोबर चुकून एखादी गोगलगाय आली तर आपल्याकडे औषधाची बाटली शोधली जाते!

असो. दुसऱ्या खेपेला आम्ही महिनाभर मासे आणलेच नाहीत. गळणारी पाने तेवढी कात्रीने काढत राहिलो. दिवा रोज सहा-सात तासच ठेवला, कारण जास्त उजेडाचा फायदा आधी शेवाळ उठवते. जावा फर्नचे आल्यासारखे आडवे खोड पहिल्या वेळी आम्ही वाळूत गाडले होते आणि ते कुजले होते. आता ते दोऱ्याने लाकडाला बांधले. घरी येणारा प्रत्येक जण पेटीपाशी वाकून विचारी, ‘मासे कुठे आहेत?’ झाडे दिसत असूनही पेटी रिकामीच आहे असे सर्वांना वाटे. माशांखेरीज पाण्यात जे काही आहे ते सगळे मखर, ही समजूत किती खोल गेली आहे, ते त्या महिन्यात कळले.

यावर कोणी ताकाशी अमानो यांचे नाव घेईल. या जपानी छायाचित्रकाराने (१९५४–२०१५) पाणवनस्पतींना पेटीत मुख्य स्थान दिले, यात शंका नाही. लिस्बनच्या मत्स्यालयातली त्यांची ४० मीटर लांबीची रचना म्हणजे अरण्यच आहे. परंतु त्यांचे घरगुती अनुकरण पाहताना आम्ही अस्वस्थ होतो. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे, प्रखर दिवे, महागडी माती, रोजची छाटणी, आणि हे सारे एका छायाचित्राच्या क्षणासाठी. स्पर्धेसाठी मांडलेल्या कित्येक पेट्या चित्र निघाले की मोडतात. हिरवे जिवंत असले तरी शोभेची घाई तीच राहिली. पन्नास लिटरांच्या पेटीत व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न आणि एखादे क्रिप्टोकोरीन यांवर वर्षे सुखात जातात.

वनस्पती रुजली की मात्र ती आवरत नाही, आणि वाढलेला पसारा जवळच्या तळ्यात किंवा नदीत टाकण्याचा मोह होतो. तो साफ वाईट आहे. पुण्याच्या नद्यांवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तीही शोभेची म्हणूनच या देशात आली. छाटलेले तुकडे उन्हात वाळवून कुंडीत घालावेत. याच्या उलटा मोह म्हणजे रानातली वनस्पती पेटीत आणण्याचा. कासच्या पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात वायतुरा फुलतो. एरवी त्याचा कंद जमिनीत निपचित पडून असतो. साताऱ्याचे नाव त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. त्याला जागेवर जाऊन पाहावे, आणि कंद उकरू नये.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी नातवासाठी छोटी पेटी घेतली. तो आमच्याकडे झाडे मागायला आला. व्हॅलिस्नेरिया वाळूतून धुमारे सोडत काचेपर्यंत पोचलाच होता. त्याची चार रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

‘काका, मग मासे कधी आणायचे?’

महिन्याने, असे आम्ही सांगितले. तो हिरमुसला, मग पेटीच्या काचेला नाक लावून विचारू लागला की गोगलगाय तरी आत्ता मिळेल का. दोन दिल्या.