धूर आणि हिरड्यांचे मौन

निपाणी भागातील महाविद्यालयाच्या अंकात तंबाखूविरुद्ध लिहिणे तसे अवघडच. या पिकावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या आयाबहिणींच्या मजुरीतून कित्येकांची फी भरली गेली. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून येथील शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात त्यांचे बळी गेले. या कष्टांविषयी कृतज्ञता हवीच. पण म्हणून ते पीक आपल्या तोंडात गेले पाहिजे, असे थोडेच आहे?

विडीचेच उदाहरण घेऊ. तिच्यात तंबाखू आपल्याकडची. पण तिचे पान, म्हणजे टेंभुर्णीचे तेंदूपान, बव्हंशी मध्य प्रदेशासारख्या वनप्रदेशातून येते. भोपाळच्या नेहरू नगरात भारतीय वन प्रबंधन संस्था आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत वनव्यवस्थापनाचे शिक्षण दिले जाते. त्या राज्यात तेंदूपानांची मोजणी पुड्यांवर होते: पन्नास पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचा एक प्रमाण बोरा. वनवासी ज्या पानावर पोट भरतात, त्याचा एक गुणधर्म मात्र ओढणाऱ्याला महाग पडतो. या पानातून हवा कमी खेळते. विडी सतत ओढली नाही तर ती विझते. साहजिकच झुरके वाढतात आणि धूरही अधिक आत जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढणारे आढळले, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. विडी हे गरिबाचे निरुपद्रवी व्यसन, हा समज म्हणूनच खोटा आहे.

या धुराचा सर्वांत फसवा परिणाम हिरड्यांवर होतो. हिरड्या सुजल्या की एरवी दात घासताना रक्त येते; ती निसर्गाची सूचना असते. निकोटिनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त येणे कमी होते. ओढणारा म्हणतो, "माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत." आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड झिजत असते. दात हलू लागल्यावर जाग येते, पण तोवर गेलेले हाड परत येत नाही. जखमा उशिरा भरतात, दात काढल्यावर खाच दुखत राहते. तोंडात उठणारे पांढरे चट्टेही दुखत नाहीत. त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. दुखत नाही म्हणजे रोग नाही, हे गणित येथे चुकते.

काही मित्रांना वाटते की सुवासिक वाफ ओढली म्हणजे यातून सुटका झाली. या ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी ती चोरून मिळते. तिच्यात धूर नसला तरी बहुधा निकोटिन तेच असते, आणि तोंडाला कोरड पडते. लाळ ही दातांची राखणदार. ती आटली की कीड फावते. गांजाचेही तेच. तो "नैसर्गिक" म्हणून निर्दोष ठरत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे एकाच पिढीतील मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. त्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, तंबाखूचा परिणाम वेगळा काढल्यावरही नियमित गांजा ओढणाऱ्यांत बत्तिसाव्या वर्षी हिरड्यांचा रोग अधिक होता. आपल्याकडे तर चिलमीत गांजा आणि तंबाखू एकत्रच भरतात!

मग करावे काय? २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. तिची अंमलबजावणी व्हावीच. पण केवळ दंड आणि पालकांना पत्र यांनी मुलगा व्यसन सोडत नाही, लपवायला मात्र शिकतो. ज्या रोगाची सूचनाच दबली आहे, त्यात लपवाछपवी सर्वांत घातक. म्हणून सुचवावेसे वाटते की, बेळगावच्या दंतवैद्यांना बोलावून महाविद्यालयाने दरवर्षी सर्वांची मुखतपासणी करावी, प्राध्यापकांसकट! निष्कर्ष ज्याचा त्याला कळावा, कार्यालयाला नव्हे. सोडू इच्छिणाऱ्यास मराठीत वा कन्नडमध्ये, त्याच्या घरच्या भाषेत, सल्ला मिळावा.

तंबाखू पिकवणाऱ्या बापाने आपल्याला शिकायला पाठवले ते त्याहून बरे आयुष्य मिळावे म्हणून. त्याच्या घामाचे मोल आपण शिक्षणाने फेडावे, दातांनी नव्हे.