लॅपटॉपसाठी गलका, कांद्यासाठी शांतता

३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली. आम्ही इंजिनिअर मंडळींनी ऑनलाइन गलका केला, कंपन्यांनी दबाव आणला. दुसऱ्याच दिवशी अट जवळपास तीन महिने पुढे ढकलली गेली.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला कांदा निर्यातबंदी आली. लासलगावात भाव कोसळले, नाशिकचे शेतकरी रस्त्यावर उतरले. आमच्या टाइमलाइनवर मात्र शांतता. बंदी उठायला मे २०२४ उजाडला.

दोस्तांनो, अशा अधिसूचना परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या असतात. त्या वाचा, सोप्या मराठीत मांडा. फायदा कुणाचा, तोटा कुणाचा, हे सरकारला जाहीरपणे विचारा. इन्साफ मागायचा तर शेजाऱ्यासाठीही मागावा लागतो.