‘अंडर’ नव्हे, ‘उंदा’

स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये फिरणारा एक संदेश या आठवड्यात वाचकांनी माझ्याकडे पाठवला. ‘इनंडेट’ म्हणजे ‘इन’ अधिक ‘अंडर’, पाण्याखाली जाणे. लक्षात ठेवायला सोपे! सोपे आहे, पण साफ चूक आहे. कानाला सारखे लागले की व्युत्पत्ती ठोकून द्यायची, या सवयीवर मी पूर्वीही लिहिले आहे. ती सुटेपर्यंत लिहीत राहणार.

‘अंडर’चा इथे काडीचाही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘उंदा’ म्हणजे लाट. त्यावरून ‘इनुंदारे’, पाणी चालून येणे, पसरणे. सिंध-पंजाबात ‘इनंडेशन कॅनॉल’ असत. नदीवर बंधारा नसे; नदी चढली की पाणी आपसूक कालव्यात शिरे आणि शेते भिजत. तिथे पाण्याखाली जाण्याचा प्रश्नच नव्हता. अर्जांनी ‘इनंडेट’ झालेल्या कचेरीचेही तेच: अर्ज येतच राहतात, थोपवता येत नाहीत.

आता ‘सराउंड’ पाहा. अर्थ वेढणे, आणि ऐकताच ‘राउंड’ आठवतो. प्रत्यक्षात हा ‘इनंडेट’चा सख्खा भाऊ. लॅटिन ‘सुपरउंदारे’ म्हणजे काठावरून ओसंडणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हाही अर्थ पाणी भरून वाहणे हाच होता. पुढे लोकांना त्यात ‘राउंड’ ऐकू येऊ लागला आणि सतराव्या शतकात वेढण्याचा अर्थ रुळला. एका गैरसमजाने शब्दाचे गोत्रच बदलले. मग ‘अंडर’वाल्यांनाही ती मुभा का नको? कारण ‘सराउंड’चा अर्थ बोलणाऱ्या अख्ख्या समाजाने बदलला. शिकवणीच्या टिपणाला तो अधिकार नाही.

वाईट याचे वाटते, की आपल्या मुलांच्या हाताशी असलेली खूण त्यांना कुणी दाखवलीच नाही. संस्कृतातला ‘उन्द्’ धातू, म्हणजे भिजवणे, आणि लॅटिन ‘उंदा’ यांचे मूळ एक. उदक, समुद्र, इंग्रजीतला ‘वॉटर’सुद्धा त्याच कुळातले. हे नाते ध्वनिबदलांचे नियम तपासून अभ्यासकांनी सिद्ध केले आहे, नुसते कानावर विसंबून नव्हे. संध्येच्या पळीतले उदक ज्या घरात ठाऊक आहे, तिथल्या मुलाला ‘इनंडेट’साठी खोट्या क्लृप्तीची गरज काय?

शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच, फळ्यावर लिहिण्याआधी ऑक्सफर्डचा कोश उघडा. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ पासून आपल्याकडे आहे.