सुरतेचा रुपया आणि सराफाचा बट्टा

संपादक महाशयांस,

धातूचे नाणे तेवढे खरे, कागदी चलन ही निव्वळ सरकारी हुलकावणी, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन आम्हां सुरतकरांस पटण्याजोगे नाही. मोगल अमदानीत येथील टाकसाळीत कोणीही व्यापारी चांदी, बहुधा स्पेनचे रियाल, आणून घडणावळ भरून रुपये पाडून घेई हे खरे. परंतु तोच रुपया, वजनात रतिभरही न घटता, केवळ त्यावरील सन जुना झाला म्हणून सराफाच्या पेढीवर बट्ट्याने घेतला जाई, तेव्हा धातूची ती अढळ किंमत कोठे जात असे? उलट त्या काळचा येथील सावकार विरजी व्होरा याची हुंडी, म्हणजे निव्वळ कागद, आग्र्यास पतीवर वटे; अर्थात हुंडणावळ कापूनच! आजच्या नोटेची क्रयशक्ती घटते, ही तक्रार निराळी, आणि तीत मी पत्रलेखकांच्याच पक्षाचा आहे.

आपला,
एक वाचक, सुरत