कर्ज मिळाले, हिशेब कोण शिकवणार?

प्रवरेकाठच्या सहकारी साखर कारखान्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यात अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. १९५० च्या अखेरीस या कारखान्याचे गाळप सुरू झाले. मात्र त्या इतिहासातील एका गोष्टीचे मर्म आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द होती, भागधारक शेतकऱ्यांची पै-पै होती. परंतु पहिली सुमारे दहा वर्षे कारखान्याच्या अध्यक्षपदी होते ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. नुसत्या भांडवलाने उद्योग उभा राहत नाही. त्याला हिशेबाची शिस्त आणि जाणत्या माणसाचा सल्ला लागतो, हे त्या पिढीला उमगले होते.

आज याच जिल्ह्यात असंख्य स्त्रिया पापड, मसाले, शेवया, शिवणकाम, खानावळ, दुग्धपदार्थ असे लहान व्यवसाय करीत आहेत. त्यांचे गाडगीळ कोण, असा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

कर्जाच्या बाबतीत आपण बरीच मजल मारली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा प्रयोग १९९२ मध्ये सुरू झाला. राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे 'उमेद', २०११ पासून गावोगावी पोचले. २०१५ च्या मुद्रा योजनेत तर सुमारे दोन तृतीयांश खाती स्त्रियांची आहेत. बचत गटांच्या स्त्रिया कर्ज बुडवीत नाहीत, असा त्यांचा लौकिक झाला. आणि तो त्यांनी कष्टाने मिळवला आहे.

परंतु या लौकिकातच एक फसगत दडलेली आहे. कर्ज फिटले म्हणजे व्यवसाय चालला, असे आपण गृहीत धरतो. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एक बाई महिन्याला १०० किलो शेवया १०० रुपये किलोने विकते. कच्चा माल किलोमागे ६० रुपये. तिच्या हिशेबी तिला ४,००० रुपये सुटले. पण दळण, वीज, पिशव्या आणि वाहतूक यांचे किलोमागे २० रुपये तिने धरलेच नाहीत. ते घरखर्चात मिसळून गेले. म्हणजे खरी शिल्लक २,००० रुपये. त्यातच दहा किलोंची उधारी बुडाली की उरले १,०००. या कामात तिचे महिन्याचे शंभर तास गेले असतील, तर तासाला दहा रुपये पडले. आता कर्जाचा मासिक हप्ता १,५०० रुपये असेल, तर वरचे ५०० कोठून येतात? नवऱ्याच्या मजुरीतून, नाही तर तिच्याच खुरपणीच्या पैशातून. बँकेच्या दप्तरात मात्र खाते नियमित, म्हणजे उद्योग यशस्वी! संसाराने तोट्याच्या धंद्याला पोसावे आणि त्यालाच आपण स्वावलंबन म्हणावे, हा विपर्यास आहे.

२०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. देशातील आस्थापनांपैकी जेमतेम चौदा टक्के स्त्रियांच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांतील सुमारे ८३ टक्क्यांमध्ये एकही पगारी माणूस नव्हता. व्यवसाय सुरू होतो, पण वाढत नाही, हाच त्याचा अर्थ. भाव कसा ठरवावा, उधारी कोठे थांबवावी, कोणता माल बंद करावा, हे सांगणारे कोणी जवळ नसते.

असा सल्ला काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग आरंभला. तोच पुढे 'लिज्जत' म्हणून विख्यात झाला. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड लाटत, आणि हलका माल स्वस्तात विकत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी सांगितले, की प्रत एकच ठेवा, तीत तडजोड नको, चोख हिशेब ठेवा आणि हा धंदा धंदा म्हणूनच चालवा. त्या ८० रुपयांची महती सर्वांना ठाऊक आहे. या सल्ल्याची तितकी नाही.

यावर कोणी म्हणेल, की सल्लागार नेमले म्हणजे जाडजूड अहवाल आणि तितकीच जाडजूड बिले येतील. ही भीती अनाठायी नाही. कर्जप्रकरणाला जोडण्यापुरता तयार केलेला छापील प्रकल्प अहवाल प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिला आहे. नावे बदलतात, आकडे तेच राहतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत जिल्हा पातळीवर मार्गदर्शक नेमण्यात आले, हे स्वागतार्हच होते. पण त्यांचे मानधन कर्जमंजुरी, नोंदण्या आणि प्रशिक्षण अशा टप्प्यांशी जोडलेले होते. दोन वर्षांनंतर तो उद्योग तगला की नाही, यावर ते अवलंबून नव्हते. सल्लागाराचा मोबदला ज्या गोष्टीला जोडावा, तीच गोष्ट साध्य होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे.

केरळच्या 'कुटुंबश्री'ने (स्थापना १९९८) वेगळी वाट चोखाळली. बचत गटांच्या परिवारातीलच व्यक्तींना व्यवसायाच्या हिशेबाचे शिक्षण देऊन तिने सूक्ष्म उद्योगांचे सल्लागार तयार केले. हे सल्लागार शेजारच्या गावचे, त्याच भाषेत बोलणारे, अल्प शुल्क घेणारे. ग्रामीण उद्योजकतेच्या केंद्रीय कार्यक्रमानेही निवडक तालुक्यांत हाच मार्ग धरला. ही पद्धत आपल्या प्रत्येक तालुक्यात रुजवणे अशक्य नाही.

भाषेचा मुद्दा गौण मानू नये. नगर शहरात आणि संगमनेरात विड्या वळणाऱ्या पद्मशाली स्त्रियांच्या घरात तेलुगू बोलली जाते. मुस्लिम वस्त्यांतील शिवणकाम करणाऱ्या भगिनींची बोली निराळी. अल्पसंख्याकांसाठी २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद महामंडळ आहे. परंतु अर्ज संगणकावर भरायचा, कागद इंग्रजीत वाचायचे आणि पुरुष अधिकाऱ्यासमोर बोलायचे, या तीन उंबरठ्यांवर अनेकींचे पाऊल अडते. तेथे त्यांच्यातलीच शिकलेली मुलगी सल्लागार म्हणून गेली, तर दार उघडेल.

असा सल्लागार आणखी एक प्रश्न विचारू शकेल, आणि तो कोणतेही कार्यालय विचारीत नाही: पासबुकावर नाव बाईचे, पण पैसा कोणाच्या हाती? केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतील तीन टक्के वाटा स्त्रियांच्या लघुउद्योगांकडून घ्यावा, असे २०१८ मध्ये ठरले. त्याचा लाभ सहीपुरत्या मालकिणीच्या आड दुसऱ्याच कोणी घेऊ नये, यासाठी हा प्रश्न अगत्याचा आहे.

या कामी आमच्या महाविद्यालयांनीही अंग झाडून चालणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय कार्याला आणि कार्यानुभवाला श्रेयांक दिले आहेत. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका स्त्रीच्या व्यवसायाची किर्द-खतावणी वर्षभर लिहावी आणि तिला दरमहा वाचून दाखवावी. प्राध्यापकांनी ती तपासावी. जिल्हा उद्योग केंद्र, 'उमेद' आणि महाविद्यालये यांनी एकत्र बसून एका तालुक्यापासून आरंभ करावा. आणि सल्लागारांच्या मोबदल्याचा निम्मा भाग दोन वर्षांनंतर, व्यवसाय नफ्यात असल्याचे वहीवरून दिसल्यावरच द्यावा.

२०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या कन्येने महेश्वरी विणकरांना आश्रय दिला, त्यातून तेथील वस्त्रोद्योग बहरला. नाव बदलण्याचे काम शासनाच्या एका अधिसूचनेने झाले. शेवया करणाऱ्या त्या बाईच्या वहीत दळणाचा आणि विजेचा खर्च लिहिला जाणे मात्र कोणत्याही अधिसूचनेने होणार नाही. त्यासाठी कोणीतरी तिच्या ओसरीवर जाऊन बसले पाहिजे.