घरचा रेकॉर्डर : आधी कुलूप पाहा

जुन्या संगणकाला ट्यूनर कार्ड बसवून घरीच रेकॉर्डर करण्याचा खटाटोप आमच्या उमरोळीत कुणी करणार असेल, तर आधी एवढे समजून घ्यावे. २०११ च्या कायदादुरुस्तीने केबल डिजिटल झाली. ग्रामीण भागाची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. आता वाहिन्या कुलूपबंद येतात आणि किल्ली सेट-टॉप बॉक्सपाशी असते. नुसत्या कार्डावर पगाराचे पैसे घालवू नका. बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी कॅप्चर कार्डाला जोडा. बॉक्सवर लावलेली वाहिनी तेवढी टिपली जाईल. दूरदर्शनच्या फ्री डिशवर मात्र, २००४ पासून, मासिक भाडे नाही आणि बहुतेक वाहिन्या खुल्या आहेत. त्यासाठी संगणकात उपग्रहाचे कार्ड हवे, केबलचे नव्हे. दुकानात हे आधी विचारा, मगच खिशात हात घाला.